परसदारातली बैठक

“फोडायचा म्हणजे फोडायचा,” मी म्हणाले.

ज्ञानू गवंडी घण जमिनीला टेकवून उभा होता. त्यानं एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “ताई, असला दगड आता मिळत न्हाई. आम्ही तिघं मिळून उचलतो, भिंतीकडंला लावून ठेवतो. नाना आलं की त्यास्नी इचारा, मग काय ते ठरवू.”

“नानांना काय विचारायचं? त्यांनी कधी एक रुमाल तरी धुतलाय त्याच्यावर?”

ज्ञानूनं घण उचलला. तिसऱ्या घावाला धुण्याच्या दगडाचे दोन तुकडे झाले आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. “अजून बारीक करा,” मी म्हणाले, “म्हणजे उचलायला सोपं जाईल.”

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. आमचं घर कराडला, कॉलनीच्या अगदी टोकाला. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरल्या की परसदार. शहाबादी फरशी, मधोमध धुण्याचा दगड, त्याच्या पलीकडे नळ आणि कंपाउंडला लागून पेरूचं झाड. दारापासून झाडापर्यंत कपडे वाळत घालायची तार. एवढ्याशा जागेत माझ्या आईनं एकतीस वर्षं कपडे आपटले. घरातल्या पाच जणांचे, आल्यागेल्याचे, आजीच्या आजारपणातले. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या. ती नानांना म्हणायची, “अहो, मागं जरा बसण्याजोगं करा की. दोन खुर्च्या, थोडी सावली. संध्याकाळी चहा घेऊन बसता येईल.” नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “बघू.”

नाना, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्यांची मापं घेत त्यांनी अर्धा जिल्हा पायाखाली घातला होता. घरामागच्या पंधरा-वीस पावलांसाठी मात्र त्यांना कधी सवड झाली नाही. आई गेली तीही त्या दगडाशेजारीच. सकाळी धुणं पिळता पिळता हाक मारून कोसळली; नाना पेरूपाशी होते, ते धावत आले. मी पुण्याहून पोहोचले तेव्हा बादलीत अर्धी पिळलेली चादर तशीच होती.

तिच्या तेराव्याला मी नानांना म्हणाले, “घर विकून टाका आणि पुण्याला चला.” नाना “नाही” म्हणाले. त्यानंतर आमच्यात धड बोलणं असं उरलं नव्हतं.

पुण्यात माझं काम लोकांच्या गच्च्या, बाल्कन्या आणि अंगणं सजवून द्यायचं. “अंगण म्हणजे भिंती नसलेली खोली,” असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे, “तिथं बसावंसं वाटलं पाहिजे.” किती अनोळखी घरांत मी कुणाकुणाच्या आयांसाठी झोपाळे टांगले होते. माझ्या आईसाठी एक खुर्चीसुद्धा टाकली नव्हती. हे मनात आलं की मला नानांचा राग यायचा. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी तो कमी होत नव्हता, उलट मुरत चालला होता. शेवटी मी ठरवलं की ते परसदार आपणच करायचं, नानांना न विचारता.

माझा धाकटा भाऊ उदय नोकरीसाठी रत्नागिरीला होता. त्याची बायको रोहिणी कराडच्याच शाळेत शिक्षिका, म्हणून ती नानांपाशी राहायची. नाताळच्या सुट्टीत मी तिला फोन केला. “तू आणि नाना चार दिवस उदयकडे जाऊन या. मी येऊन घर राखते.”

ती म्हणाली, “नाना प्रवास टाळतात हल्ली. पण बघते. बदल होईल त्यांना.”

मी पोहोचले त्याच दुपारी ती दोघं निघणार होती. नाना दारात उभे होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात आधी माझ्या खांद्यावर आला, मग डोक्यावर. मला वाटलं, म्हातारपणी माया दाटून आलीय. गाडीत बसताना रोहिणीनं त्यांचा दंड धरला होता आणि ती मला सांगत होती, “ताई, घरातलं काही हलवू नका हं. भांडीसुद्धा जिथली तिथंच ठेवा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात ही मला भांडी कुठं ठेवायची ते सांगणार! दिवाळीत मी दोन दिवस आले होते तेव्हाही हिचं तेच. नानांच्या ताटात पदार्थ हिनंच वाढायचे, वर “डावीकडे चटणी आहे” म्हणून सांगायचं. पेपरही मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुढं पुढं करायची सवय, दुसरं काय!

गाडी वळली आणि मी ज्ञानूला फोन लावला.

चार दिवस मी खपले. तार कापली. जुनी फरशी उखडून टाकली आणि जमीन वीतभर उचलून वर विटकरी रंगाच्या टाइल्स बसवल्या. पायऱ्या दोन होत्या, त्यातली एक त्या भरावात गेली. नळ मध्येच कसा तरी दिसत होता, तो कोपऱ्यात सरकवला. कंपाउंडच्या कडेनं गुळगुळीत गोट्यांचा पट्टा केला. वर बांबूच्या चटईचं छत घातलं, पेरूच्या बाजूला साखळ्यांचा झोपाळा टांगला, वेताच्या तीन खुर्च्या मांडल्या आणि त्यांच्यामध्ये एक बसकं लाकडी टेबल. मातीच्या मोठ्या कुंड्यांत झाडं लावली. निळ्या गाद्या, पिवळ्या उशा. चौथ्या दिवशी दुपारी मी दारात उभी राहून पाहिलं तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. आई इथं कशी बसली असती, कोणत्या खुर्चीवर, पाय कसे वर घेऊन, सगळं मला दिसत होतं.

साडेतीनच्या सुमारास ती दोघं आली. मी नानांना पाणी दिलं आणि म्हणाले, “चला, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

“काय?” रोहिणीनं चपापून विचारलं.

“तू थांब गं. नाना, डोळे मिटा.”

नाना हसले. ते कसलं हसू होतं ते तेव्हा मला कळलं नाही. “मिटले,” ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून मागच्या दारापर्यंत नेलं आणि दार उघडलं.

“उघडा आता.”

नाना उंबऱ्यात उभे राहिले. तोंडावर ऊन आलं तसे त्यांनी डोळे बारीक केले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. बायकोनं एकतीस वर्षं मागितलेली जागा समोर होती. ती पाहून या माणसाला काहीतरी होईल, निदान मान खाली जाईल, अशी माझी अपेक्षा होती.

“छान,” नाना म्हणाले. “छान झालंय हं.”

“एवढंच?”

“म्हणजे... फारच छान. रंगबिंग दिलेला दिसतोय.”

रंग कुठंच दिलेला नव्हता. माझं डोकं सणकलं. त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं! “जाऊ दे नाना,” मी म्हणाले. “तुम्हाला तेव्हाही बघायचं नव्हतं, आताही नाही.”

मागून रोहिणी धावत आली आणि किंचाळली, “नाना, थांबा!”

तोवर त्यांनी पाऊल टाकलं होतं. पहिली पायरी ते उतरले. दुसरीसाठी पाय खाली सोडला, तर खाली पायरी नव्हतीच. टाच धाडकन टाइलवर आदळली. ते डगमगले, सावरले आणि हात पुढं करून तार शोधू लागले. तार नव्हती. तरी ते ताठ मानेनं चालत राहिले. मला आजही ती पावलं आठवतात, मोजून टाकलेली, सारख्या अंतराची. सातव्या पावलाला नडगी त्या बसक्या टेबलाला थडकली आणि ते त्याच्यावरून पलीकडे पडले. कपाळ कुंडीच्या काठावर आपटलं.

“काय केलंत हे तुम्ही? काय केलंत!” रोहिणीनं मला ढकलून बाजूला केलं. तिनं ओढणी काढून त्यांच्या भुवईवर दाबून धरली. निळ्या गादीवर रक्ताचे थेंब पडले.

“माझ्यावर काय ओरडतेस? समोर एवढं टेबल आहे, बघून चालता येत नाही त्यांना?”

नाना जमिनीवर बसूनच होते. ते दोन्ही हातांनी टाइल्स चाचपत होते. “दगड कुठाय?” त्यांनी विचारलं.

“काढला.”

“काढून कुठं ठेवलास?”

“फोडला. त्याच्यावर माझी आई मेली, नाना. तो काय पूजेला लावायचा होता?”

माझ्या आयुष्यात मी नानांना ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. “कुणाला विचारून? कुणाला विचारून हात लावलास तू?” त्यांचा आवाज चिरकला होता. शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या. “माझं घर आहे हे! मी जिवंत आहे अजून!”

“आईचंही घर होतं!” मीही ओरडले. “तिनं दोन खुर्च्या मागितल्या होत्या. दोन! तुम्ही ‘बघू’ म्हणालात. सगळा जन्म नुसतं ‘बघू’! आणि आज मी सगळं करून पुढ्यात ठेवलं तर तुम्हाला ते नजर टाकून बघावंसंसुद्धा वाटत नाही?”

“त्यांना दिसत नाही, ताई!”

रोहिणी एवढंच म्हणाली. नाना तिच्यावर गुरकावले, “रोहिणी! शब्द दिला होतास तू.”

“दिला होता. आता नाही पाळत. मला नाही झेपत नाना हे.” ती रडत होती, पण आवाजात रडं नव्हतं, संताप होता. “काचबिंदू आहे त्यांना. डावा डोळा केव्हाच गेलाय. उजव्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळतो. दहा महिने झाले. कपाच्या बाहेर चहा ओतताना मी त्यांना पाहिलं तेव्हा मला समजलं. तोवर खूप उशीर झाला होता, डॉक्टर म्हणाले आता काही परत यायचं नाही. तेव्हापासून या घरातली वाटीसुद्धा मी जागची हलू देत नाही. दारापासून दगडापर्यंत सात पावलं, दगडापासून नळापर्यंत पाच, नळापासून झाडापर्यंत नऊ. तार धरून जायचे, तार धरून यायचे. सगळ्या घरात कुणाच्या मदतीशिवाय मोकळं फिरता येईल अशी तेवढी एकच जागा होती त्यांना. रोज सकाळी त्या दगडावर जाऊन बसायचे. ती तुम्ही चार दिवसांत...”

मी उभीच राहिले. मला आधी वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आधी आला तो रागच.

“उदयला माहीत आहे?”

“हो.”

“म्हणजे मी सोडून सगळ्यांना. मीच तेवढी परकी. का नाना? मला का नाही सांगितलं?”

नानांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. नजर माझ्या कानाजवळून पलीकडे जात होती. दिवाळीतही अशीच गेली असणार आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लोकांच्या घरी एक उशी तिरकी असली तर मला खटकायची.

“तुला सांगितलं असतं,” नाना म्हणाले, “तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली असतीस. घर विकलं असतंस. मला पुण्याला नेऊन, जसं घर सजवतेस तसं, एखाद्या चांगल्या कोपऱ्यात नीट मांडून ठेवलं असतंस. उशाबिशा लावून.”

“मी तुमच्या भल्यासाठी...”

“हेसुद्धा माझ्या भल्यासाठी केलंस?” त्यांनी हातानं सगळ्या परसदारावरून एक फेरा घेतला. “खरं सांग.”

मी रक्त लागलेली निळी गादी उलटी केली.

“तुझी आई बसायला जागा मागत होती. मी दिली नाही. माझं चुकलं. त्या दगडावर बसून मी रोज तेच घेऊन बसतो. ते मला फेडता येत नाही आणि तुलाही माझ्या वतीनं फेडता यायचं नाही. तू मला भेट नाही दिलीस, ऊर्मिले. मला लाज वाटावी म्हणून केलंस हे सगळं. मी इथं उभं राहून मान खाली घालावी म्हणून. पण मला दिसलंच नाही.”

रोहिणीनं त्यांना उठवून आत नेलं. मी त्यांच्या मागं गेले नाही.

संध्याकाळी डॉक्टर येऊन चार टाके घालून गेले. मी बॅग भरून ठेवली. सकाळच्या गाडीनं परत जायचं आणि पुन्हा या घराचं तोंड पाहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नानांचं बोलणं मला खोटं वाटलं असतं तर मी शांतपणे झोपले असते. ते अक्षरन् अक्षर खरं होतं, म्हणून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

सकाळी मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी धावत गेले. वेताची खुर्ची कंपाउंडपाशी उलटी पडली होती आणि दुसरी नानांच्या हातात होती. कपाळाला पट्टी, अंगात बंडी. त्यांनी ती खुर्चीही भिरकावली. मग ते गुडघ्यांवर बसले आणि हातानं एकेक टाइल चाचपत पुढं सरकू लागले. तोंडानं आकडे मोजणं चालू होतं.

“नाना, लागेल तुम्हाला.”

“लागू दे. तुला कुणी बोलावलंय?”

मी दारातच थांबले. ते गोट्यांच्या पट्ट्यापर्यंत गेले, हात भरून गोटे उचलले, खाली टाकले. कान देऊन आवाज ऐकला. पुन्हा टाकले. मग मागं वळले, रस्ता चुकले, एका कुंडीला धडकले आणि त्यांनी कुंडीला शिवी हासडली. ते तिथंच बसले. धाप लागली होती. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे तोंड न करता म्हणाले, “माझ्या कपाटात वरच्या खणात टेप आहे. आण. वही-पेन्सिलही आण.”

मी आणली. ऑफिसातली जुनी कापडी टेप, चामड्याच्या गोल डबीतली.

“शून्य माझ्याकडे दे, मी दाराच्या चौकटीला धरतो. अशी तिरकी नाही, चौकटीच्या मधोमधून सरळ ने. तुझ्या धंद्यात मापं घ्यायला शिकवत नाहीत का? ताण. ढिली पडलीय. किती आलं?”

“आठ फूट सात इंच.”

“कुठपर्यंतचं ते बोल. नुसता आकडा घेऊन काय करू?”

“टेबलाच्या कडेपर्यंत.”

“टेबल काढ. पुन्हा घे.”

तीन तास आम्ही मापं घेत होतो. ते ओरडत होते, मी लिहीत होते. मीही उलटून बोलत होते. नळ जागेवर परत नेण्यावरून तर आमची पुन्हा जुंपली. रोहिणीनं चहा आणून ठेवला आणि दोघांकडे एकदा पाहून आत गेली. माझी गाडी केव्हाच निघून गेली होती.

ज्ञानूला पुन्हा बोलावलं. नळ पूर्वीच्या जागी आला. दारापासून झाडापर्यंत कमरेच्या उंचीवर नवी तार बांधली. वाट जिथं वळते तिथं नानांनी खरबरीत फरशीच्या तीन पट्ट्या बसवायला लावल्या, म्हणजे पायाला कळावं. गोटे त्यांनी ठेवले, कुणी कंपाउंडकडून आलं की आवाज होतो म्हणून. झोपाळ्याच्या साखळीला तेल घालू दिलं नाही. कुंड्यांतली झाडं मात्र सगळी मला बदलायला लावली. “नुसती हिरवी आहेत म्हणतेस, मला काय उपयोग त्यांचा?” मग मोगरा आला, सब्जा आला, गवती चहा आला. त्यापुढं नाना सात वर्षं जगले आणि त्यांतला बहुतेक काळ त्यांनी तिथंच घालवला. दर महिन्याला मी जायचे. एक उशीसुद्धा कधी न विचारता हलवली नाही. माफी मात्र कुणीच कुणाची मागितली नाही.

दगड काही परत आला नाही. त्याची खडी कुठल्या तरी रस्त्यात गेली होती.

त्या सकाळचं शेवटचं माप झाडाचं होतं. नाना पेरूच्या बुंध्याला पाठ लावून उभे होते, टेपचं टोक दोन्ही हातांत धरून. दुसऱ्या टोकाला, वीस-एक फुटांवर, मी. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून कुठंतरी आभाळात लागली होती. आई कोसळली तेव्हा हाक ऐकून ते याच झाडाकडून धावत आले होते आणि तेव्हा त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. मी मान खाली घातली.

“टेप हलतेय,” नाना म्हणाले.

“वारा आहे.”

वर चटईची काडीसुद्धा हलत नव्हती.

“वारा नाहीये, ऊर्मिले.” आवाज अजून तसाच कडक होता. “डावा हात भिंतीला टेकव, म्हणजे अंग स्थिर राहतं. हां, अशी. घाई नाही. डोळे पुस आणि मग वाच.”